परवाना कोणाच्या नावाचा? गिरमिटापासून जर्मनीतल्या नोकरीपर्यंत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी मला विचारलं, की सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता व्हिसा आणि परमिटावर बोलायला लागलात का? प्रश्न रास्त आहे. गेली दोन-एक वर्षं वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इकडची मुलं-मुली माझ्याकडे येतात. कुणी नर्सिंग केलेलं असतं, कुणी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला असतो. हातात एक करारपत्र असतं, बहुधा इंग्रजीत, कधी जर्मनमध्ये. आणि एकच प्रश्न असतो, "सर, यावर सही करू का?"

आता हा प्रश्न वरून व्यवहाराचा दिसतो. पण तो जरा उकलून पाहिला, तर त्यात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न बसलेला आहे. माणूस 'हो' म्हणतो, म्हणजे नेमकं काय करतो? सही केली, अंगठा उमटवला, की संमती झाली का? परदेशी कामाच्या परवान्याचा इतिहास हा या प्रश्नाचा इतिहास आहे असं मला वाटतं. आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या वर्ध्याशी, म्हणजे सेवाग्रामला येऊन राहिलेल्या माणसाशी, थेट जोडलेला आहे.

आधी आजची परिस्थिती थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी करार केला. स्टुटगार्ट ज्याची राजधानी, तेच ते राज्य. तिथं कुशल माणसं कमी पडतात, आपल्याकडे ती आहेत, तेव्हा पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना भाषा शिकवून पाठवायचं असं ठरलं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक, स्वयंपाकी, अशी ती यादी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारनं कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. आकडे मोठे आहेत. पण दोन सरकारांमधला करार म्हणजे तुमच्या हातातली नोकरी नव्हे. मधे एक दार असतं आणि त्या दाराला कुलूप असतं. ते कुलूप म्हणजे कामाचा परवाना. त्याची किल्ली कोणाच्या हातात असते, हे आज पाहू.

सुरुवात घरापासून करू. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडले. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून करारानं मजूर जायला लागले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं, आणि ज्यानं ते केलं तो गिरमिट्या. मुंबई बंदरातून गेले त्यांच्यात मराठी माणसं पुष्कळ होती, कोकणातली आणि घाटावरचीही. आज मॉरिशसमध्ये जो मराठी समाज आहे, तो या माणसांचा.

हे सगळं बळजबरीनं झालं, पकडून नेलं, असं आपण ढोबळपणे म्हणतो. फसवणूक होतीच. पण कागद पाहिले तर वेगळंच दिसतं. पुढे पुढे तर कायदा फार काटेकोर झाला. मजुराला अधिकाऱ्यासमोर उभं करायचं, करार समजला का विचारायचं, मग नोंद करायची. बंदरावर सरकारनं नेमलेला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे स्थलांतरितांचा संरक्षक, असायचा. म्हणजे समजावून सांगणं आहे, संमती आहे, संरक्षक आहे. कागदावर काही कमी नाही.

कमी काय होतं? एक म्हणजे, ज्याच्या घरात दुष्काळ आहे त्याला पर्याय नव्हता. दुसरं आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचं म्हणजे, एकदा गेल्यावर सोडता येत नव्हतं. करार पाच वर्षांचा. एक दिवस कामावर गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापायची रीत होती. साधा नोकर काम सोडून गेला तर मालक फार तर दिवाणी दावा लावील. गिरमिट्या काम सोडून गेला तर तो फौजदारी गुन्हा, त्याला तुरुंग. करार संपल्यावरही सुटका नव्हती. मॉरिशसमध्ये १८६७ साली कायदा झाला, की जुन्या मजुरानं स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा, नाही तर पोलीस धरणार. ते फोटो आजही मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात जपून ठेवलेले आहेत. ओळखपत्रावर फोटो ही आपल्याला आज साधी गोष्ट वाटते. तिचा एक जन्म असा उसाच्या मळ्यात झालेला आहे.

म्हणजे संमतीची कसोटी एका प्रश्नानं पुरी होत नाही, तीन प्रश्न विचारावे लागतात. माणसाला कळलं होतं का? त्याच्यापुढे दुसरा मार्ग होता का? आणि 'हो' म्हटल्यावर, पुढे कधी 'नाही' म्हणायची मुभा होती का? पहिल्या प्रश्नावर सगळे बोलतात. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि परवान्याचं सगळं मर्म तिसऱ्या प्रश्नात आहे.

आता गांधीजींकडे येतो. आपण वर्धेकर त्यांना १९३६ नंतरच्या सेवाग्रामच्या बापूंच्या रूपात ओळखतो. पण मुळात ते परदेशी नोकरीला गेलेले एक तरुण होते, हे आपण विसरतो. १८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीनं त्यांना एक वर्षासाठी दक्षिण आफ्रिकेला बोलावलं. जायचं-यायचं पहिल्या वर्गाचं भाडं, राहणं-जेवण आणि १०५ पौंड. कामाचा परवाना वगैरे त्यांना काही लागला नाही, बोटीत बसले आणि दरबानला उतरले.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडे बालसुंदरम नावाचा एक तमिळ गिरमिट्या आला. मालकानं मारलेला, पुढचे दात पडलेले, फेटा हातात घेऊन उभा. गांधीजींनी त्याला डॉक्टरकडे नेलं, मग न्यायाधीशाकडे. त्यांना मालकाला शिक्षा करवायची नव्हती. बालसुंदरमला त्या मालकाकडून सोडवायचं होतं. पण कायद्यानं तो सुटू शकत नव्हता. वाटा दोनच होत्या, एक तर संरक्षकानं करार रद्द करायचा, नाही तर तो दुसऱ्या मालकाच्या नावावर करून द्यायचा. गांधीजींनी एक दुसरा गोरा मालक शोधला, त्याला तयार केलं आणि करार त्याच्या नावावर करवून घेतला.

इथं जरा थांबा. गिरमिटिया मजुरांसाठी गांधीजींनी लढलेलं हे अगदी सुरुवातीचं प्रकरण. ते पगारवाढीचं नव्हतं, ते होतं मालक बदलून मिळण्याचं. आज स्टुटगार्टच्या इस्पितळात काम करणाऱ्या आपल्या मुलीला तिथला मालक पटला नाही, तर तिचा प्रश्न जातीनं हाच असतो. काळ वेगळा, कायदा कितीतरी माणुसकीचा, मारझोड नाही, पगार उत्तम. पण प्रश्नाचा सांगाडा तोच आहे, की कागदावर नाव कोणाचं?

पुढचा टप्पा ट्रान्सवालचा. बोअर युद्धानंतर ट्रान्सवालमध्ये शिरायला परवाना लागू झाला. गोऱ्यांना तो मागितला की मिळायचा. हिंदी माणसाला त्यासाठी वेगळं 'एशियाटिक' खातं काढलं होतं. वेगळं खातं निघालं की वेगळी खिडकी निघते, आणि खिडकीशी दलाल उभा राहतो. ज्यांचा हक्क होता त्यांना परवाना मिळेना आणि ज्यांचा नव्हता ते शंभर पौंड मोजून आत येऊ लागले, असं गांधीजींनी आत्मकथेत नोंदलेलं आहे. त्यांनी पुरावे गोळा केले, दोन अधिकाऱ्यांवर खटला झाला. पंचांनी त्यांना निर्दोष सोडलं, पण नोकरी मात्र गेली.

मग १९०७ चा नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक आशियाई माणसानं दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यायचा, पोलीस मागेल तिथं दाखवायचा. या कायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक दाखले कढईत टाकून जाळले गेले. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मधली एक गोष्ट नीट लक्षात घेतली जात नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला समझोता झाला होता आणि गांधीजींनी स्वतः जाऊन स्वखुशीनं नोंदणी केली होती. त्यावरून त्यांच्याच माणसांकडून त्यांना मार खावा लागला. म्हणजे ठसे द्यायला त्यांची हरकत नव्हती? नव्हती. कागदाला हरकत नव्हती. सक्तीला होती, आणि 'तू मुळात संशयित आहेस' या गृहीतकाला होती. कागद तोच, बोटं तीच. आपण होऊन दिलेला ठसा आणि दटावून घेतलेला ठसा, या दोन वेगळ्या कृती आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात संमतीवर याहून चांगलं उदाहरण मला कधी सापडलं नाही.

आता जर्मनीकडे वळू, आणि तेही गांधीजींच्याच एका मित्राच्या आधारानं. हर्मन कॅलनबाख हे जोहान्सबर्गचे वास्तुविशारद, जर्मन ज्यू. टॉलस्टॉय फार्मची जमीन त्यांची. १९१४ साली गांधीजींबरोबर हिंदुस्थानात यायला निघाले. बोट इंग्लंडला पोचते तोच महायुद्ध सुरू झालं. जर्मन नागरिक म्हणून त्यांना हिंदुस्थानला जायची परवानगी मिळाली नाही. गांधीजींनी खटपट करूनही मिळाली नाही. उलट त्यांना नजरकैदेत टाकलं. मित्राला भेटायला ते भारतात आले ते १९३७ साली, तेवीस वर्षांनी. माणूस तोच, मैत्री तीच, फक्त दोन सरकारांचं बिनसलं. परवाना हा असा असतो. तुमच्या गुणावर मिळतो असं वाटतं, पण तो उभा असतो दोन राज्यांच्या संबंधांवर.

जर्मनीतला परवान्याचा इतिहास साधारण याच काळात सुरू होतो. प्रशियाच्या शेतांवर पोलंडकडचे हंगामी मजूर यायचे. १९०८ च्या सुमारास त्यांना ओळखपत्र सक्तीचं झालं. पोलिश मजुराचं पत्र लाल रंगाचं. त्यावर मजुराचं नाव आणि मालकाचंही नाव. मालकाच्या मर्जीशिवाय काम सोडलं तर हद्दपारी. हिवाळ्यात सगळ्यांनी परत जायचं, म्हणजे कुणी कायमचं राहायला नको. हात हवेत, माणूस नको, अशी ती व्यवस्था.

२३ जानेवारी १९३३ ला, हिटलर सत्तेवर यायच्या एक आठवडा आधी, परदेशी कामगारांविषयीचा एक नियम निघाला. त्यात दुहेरी परवाना होता. परदेशी माणूस ठेवायला मालकानं परवानगी घ्यायची आणि काम करायला कामगारानं वेगळी घ्यायची. नंतर नाझींनी परक्या देशांतून लाखो लोकांना सक्तीनं आणून राबवलं. १९४४ मध्ये युद्धकैदी धरून ही संख्या ७५ लाखांच्या वर होती. तिथं तर संमतीचा प्रश्नच उरला नाही. पण ध्यानात ठेवा, १९३३ चा तो दुहेरी परवान्याचा नियम युद्धानंतर पश्चिम जर्मनीनं १९५२ मध्ये पुन्हा लागू केला. राजवटी पडतात, दप्तरं टिकतात. इतिहासात हे वारंवार दिसतं. आपल्याकडेही, गिरमिटाच्या काळातला तो 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' आठवतो ना? तो आजही आहे. १९८३ च्या आपल्या स्थलांतर कायद्यात त्याच नावाचा अधिकारी आहे आणि मुंबईत त्याचं कार्यालय आहे.

युद्धानंतर जर्मनीचे कारखाने जोरात सुरू झाले. १९५५ मध्ये इटलीशी करार, मग स्पेन, ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, १९६४ मध्ये पोर्तुगाल. या कामगारांना 'गास्टआर्बायटर' म्हणत, म्हणजे पाहुणा कामगार. शब्द मोठा गोड, पण पाहुण्याकडून कुणी खाणीत काम करवून घेतं का? १९६४ साली दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून एका पोर्तुगीज सुताराला कोलोनच्या स्टेशनावर मोपेड भेट दिली, बँड वाजवला.

तुर्कस्तानच्या करारात दोन वर्षांची मुदत होती. दोन वर्षं काम करा, परत जा, नवे लोक येतील. १९६४ मध्ये ही अट काढली गेली. कोणी काढायला लावली? कामगारांनी नव्हे, मुख्यतः मालकांनी. दोन वर्षं खर्चून माणूस तयार करायचा आणि तो हाताशी आला की परत पाठवायचा, हे त्यांना परवडेना. बघा, ज्याला नुसता 'हात' समजून आणला, त्याच्या हाताबरोबर त्याचं शिकणं, त्याचा अनुभव, त्याची भाषा आली. कौशल्य माणसापासून सोडवून वेगळं ठेवता येत नाही. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमची परिषद भरली, तिथं मूळ विचार हाच होता, की हाताचं काम आणि माणसाची बुद्धी वेगळी काढू नका. जर्मन कारखानदार त्याच निष्कर्षाला हिशेबाच्या वहीतून पोचले.

१९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि २३ नोव्हेंबरला भरती बंद झाली. सरकारला वाटलं, आता लोक परत जातील. बरेच गेलेही. पण पुष्कळांनी विचार केला, की एकदा गेलो तर पुन्हा येऊ देणार नाहीत. ते थांबले आणि बायकामुलांना घेऊन आले. दार बंद केल्यामुळे लोक आत राहिले. याच दशकात परदेशी परिचारिकांवरही पाळी आली. दक्षिण कोरियातून आणि आपल्या केरळमधून गेलेल्या मुलींनी वर्षानुवर्षं तिथल्या इस्पितळांत सेवा केली होती. बेकारी वाढल्यावर त्यांच्यातल्या अनेकींचे परवाने वाढवून मिळेनात. कोरियन परिचारिका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी १९७७ च्या सुमारास सह्या गोळा केल्या, लोकांसमोर आपली बाजू मांडली आणि राहण्याचा हक्क मिळवला. त्यांचं म्हणणं साधं होतं, की आम्ही वस्तू नाही, गरज संपली म्हणून परत पाठवायला.

२००० साली संगणकवाल्यांसाठी 'ग्रीन कार्ड' योजना निघाली, २०,००० जागा, मुदत पाच वर्षं. तेव्हा तिथल्या एका पुढाऱ्यानं भारतीयांना आणण्यापेक्षा आपल्या मुलांना शिकवा, अशा अर्थाची घोषणा निवडणुकीत वापरली. पुढे २००५ मध्ये कायदा बदलला. कामाचा आणि राहण्याचा असे दोन वेगळे परवाने गेले आणि दोन्ही एकाच कागदावर आले. मार्च २०२० मध्ये कुशल कामगारांसाठी नवा कायदा लागू झाला, २०२३-२४ मध्ये तो आणखी सैल झाला.

आता आजची रीत सांगतो. कंटाळवाणी आहे, पण सही करायची असेल तर ती माहीत हवी. मालकाला घाई असेल तर निवास कायद्याच्या ८१अ कलमाखाली जलद प्रक्रिया आहे. तुम्ही मालकाला मुखत्यारपत्र द्यायचं. तो तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जातो, ४११ युरो शुल्क भरतो. मग तुमच्या शिक्षणाची तुलना जर्मन शिक्षणाशी होते. कागद पूर्ण असतील तर याला दोन महिने. नर्सिंगच्या पूर्ण मान्यतेसाठी भाषा साधारण बी-२ पातळीची लागते. मग केंद्रीय रोजगार संस्था मालकाचं घोषणापत्र तपासते. पगार आणि कामाच्या अटी तिथल्या माणसाइतक्याच आहेत ना, हे ती पाहते. त्यानंतर पूर्वसंमतीचा कागद निघतो, तो मालक तुम्हाला पाठवतो, आणि तुम्ही मुंबईच्या वकिलातीकडे व्हिसासाठी जाता. तीन आठवड्यांत भेटीची वेळ आणि साधारण तीन आठवड्यांत निर्णय, अशी रीत आहे.

यात चांगलं काय ते आधी बघा. मजूर स्वस्तात मिळवून स्थानिकांचा पगार पाडायला इथं मनाई आहे. गिरमिटात असं काही नव्हतं. कामगार काम सोडून गेला तर तो गुन्हा नाही. फौजदारी नाही, तुरुंग नाही. हा फरक फार मोठा आहे आणि तो लढून मिळालेला आहे. जे लोक आजच्या परवान्याला सरसकट 'नवी गुलामगिरी' म्हणतात, त्यांनी मॉरिशसची दप्तरं एकदा पाहावीत.

पण नीट पाहा. मुखत्यारपत्र मालकाच्या हातात, अर्ज मालक करणार, पूर्वसंमती मालकाकडे येणार. आणि परवाना मिळतो तो तुम्हाला, पण त्या नोकरीपुरता. कुशल कामगाराला साधारण पहिली दोन वर्षं नोकरी बदलायची तर रोजगार संस्थेची पुन्हा संमती लागते. दोन वर्षं झाली की ती अट जाते. ब्ल्यू कार्ड असेल तर पहिले बारा महिनेच कार्यालय आडवं येऊ शकतं. नोकरी मुदतीआधी सुटली तर मालकानं चार आठवड्यांत आणि तुम्ही दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवायचं असतं. पुढे कुशल कामगाराला तीन वर्षांनंतर, भाषा आणि बाकी अटी पुऱ्या झाल्या तर, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणजे कागदावरचं मालकाचं नाव हळूहळू पुसट होत जातं. ही पहिली दोन वर्षं, तोच आजचा बालसुंदरमचा काळ. मालक बदलता येतो, पण दुसरा मालक शोधून, कार्यालयाची संमती घेऊन. तेव्हा त्याच्यासाठी मालक शोधायला गांधी होते. तुम्ही तुमच्यासाठी आधी माहिती काढून ठेवा.

आणि खरी अडचण पुष्कळदा जर्मनीत नसतेच, ती इथं असते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा पासपोर्ट एका एजंटानं 'फाइलसाठी' म्हणून चार महिने ठेवून घेतला होता. वडिलांनी शेतीच्या कर्जातून पैसे दिले होते, पावती नव्हती. आपल्या पासपोर्ट कायद्यानं पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंटानं तो अडकवून ठेवायचं कारण नाही. १९८३ च्या कायद्यानं परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी सक्तीची आहे आणि त्यानं उमेदवाराकडून घ्यायचं सेवाशुल्क नियमांनी तीस हजार रुपये अधिक कर इतकं बांधून दिलेलं आहे. ट्रान्सवालच्या खिडकीपाशी जो दलाल उभा होता, त्याचा नातू इथं उभा आहे असं समजा. कायदा आहे, पण तो तुम्ही विचारल्याशिवाय जागा होत नाही.

तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, तेव्हा कांटचं नाव घेतल्याशिवाय संपवत नाही. १७९५ मध्ये कांटनं शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं, की पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं कायमची एकमेकांपासून दूर जाऊ शकत नाहीत. म्हणून परक्या माणसाला दुसऱ्या देशात शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क आहे. पण हा हक्क भेट देण्याचा, पाहुणा म्हणून राहण्याचा नव्हे. त्यासाठी वेगळा करार हवा. युरोपियन व्यापारी हिंदुस्थानात 'भेटीला' येऊन काय करून बसले, यावरही त्यानं त्याच ठिकाणी टीका केलेली आहे. म्हणजे कांटला दोन्ही बाजू दिसत होत्या. यजमानाला दाराचा हक्क आहे, हे मलाही मान्य आहे. कोणाला आत घ्यायचं हे जर्मनीनं ठरवावं. पण एकदा बोलावून आत घेतल्यावर, त्या माणसाला घरातल्या एकाच खोलीत, एकाच मालकाशी बांधून ठेवायचं का, हा प्रश्न दाराच्या हक्कात बसत नाही. तिथं माणसाचा हक्क सुरू होतो.

तेव्हा "सही करू का?" याला माझं उत्तर 'नको' असं नाही. जा. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर घर चालत नाही हे मला कळतं, आणि शिकलेल्या मुलीनं जगाच्या पाठीवर कुठंही काम करावं यात मला आनंदच आहे. फक्त सहीच्या आधी काही गोष्टी विचारा. करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. प्रवास, भाषावर्ग, मान्यता, यांचा खर्च कोणाचा, आणि मध्येच नोकरी सोडली तर तो परत मागणार का, ते लेखी घ्या. काही करारांत अशी परतफेडीची अट बारीक अक्षरात असते. ती अट म्हणजेच आजचं गिरमिट होऊ शकतं, कारण कायदा सोडायला परवानगी देतो आणि कर्ज सोडू देत नाही. पूर्वसंमतीच्या आणि घोषणापत्राच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. पासपोर्ट कोणालाही ठेवायला देऊ नका. आणि पहिली दोन वर्षं संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शेवटी एवढंच. सेवाग्रामला बापूकुटी पाहायला लोक जातात, काठी, चष्मा, चरखा पाहतात. ज्या माणसाची ती कुटी, त्याच्या सार्वजनिक आयुष्याच्या आरंभी एका मजुराच्या करारावरचं मालकाचं नाव बदलण्याची खटपट होती, हेही तिथं उभं राहून आठवावं. आपल्या गावातून जो कोणी परदेशी जाईल, त्याला निरोप देताना पेढा द्या, नारळ द्या, आणि एक प्रश्नही द्या, "तुझ्या कागदावर नाव कोणाचं आहे?" त्याला उत्तर देता आलं, तर त्याला समजून जाता आलं असं म्हणता येईल.